रऊफ सर आणि न हललेला पाय

मी पुण्यात ज्या कंपनीत काम करते तिथे हलत्या माणसाचं चित्र ठिपक्याठिपक्यांनी उभं करतात, ते दाबून लहान करतात आणि नेटवरून दुसऱ्या टोकाला पाठवतात. परवा मीटिंगमध्ये मी एक युक्ती सांगितली. ती सगळ्यांना पटली. एकाने विचारलं, "हे कुठल्या युनिव्हर्सिटीतलं?"

"धाडचं," मी म्हटलं.

"कुठे आलं हे?"

"बुलढाण्याजवळ. मोठं गाव आहे. आठवडी बाजार भरतो."

सगळे हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला. मी विनोद केला नव्हता. मला ती युक्ती धाडच्या बाजारओळीतल्या एका गाळ्यात शिकायला मिळाली, अर्ध्या शटरखालून वाकून आत जावं लागायचं अशा ठिकाणी. आणि ज्यांनी शिकवली ते रऊफ मन्सुरी सर त्या हशाला घाबरले नसते. उलट म्हणाले असते, "हसून झालं का? आता पुढचं सांगतो."

रऊफ सर आमच्या बुलढाण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. जातीने पिंजारी. वडील गावोगाव फिरून गाद्या भरायचे, कापूस पिंजायचे. कॉलेजातली काही पोरं मागून 'पिंजारी सर' म्हणायची. सरांना ते कळलं, तेव्हा त्यांनी पहिल्याच तासाला फळ्यावर नाव लिहिलं, 'रऊफ मन्सुरी', आणि खाली कंसात 'पिंजारी'. मग वळून म्हणाले, "आता मागून म्हणायची गरज नाही. समोरून म्हणा." त्यानंतर कोणी म्हटलं नाही.

अंगाने उंच, थोडे वाकलेले. शर्टाच्या खिशात तीन फोन, तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे. कुठेही गेले की तिन्ही काढून हातावर पत्त्यांसारखे पसरायचे आणि नेटवर्कच्या काड्या बघायचे. धाड गावातली प्रत्येक जागा त्यांना त्या काड्यांवरून माहीत होती. पिंपळाखाली दोन, दवाखान्याच्या मागे एक, मशिदीच्या कोपऱ्यावर सकाळी तीन आणि बाजाराच्या दिवशी एकही नाही. "इथं नेटवर्क नाही" असं कोणी म्हटलं की ते लगेच दुरुस्त करायचे. "नाही असं नाही. कमी आहे. कमी अन् नाही ह्याच्यात लय फरक असते."

विद्यार्थ्यांना ते नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. मी अमडापूरची, म्हणून मी 'अमडापूर'. माझ्यासोबत धनंजय होता, तो वडनेर भोलजीचा, म्हणून तो 'वडनेर'. सुरुवातीला मला फार लाज वाटायची. घरातली दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. आई-बाबा भाजी पिकवतात आणि विकतात. कॉलेजात तरी कोणी गाव विचारू नये म्हणून मी चांगले कपडे घालून जात होते, आणि हा माणूस भर वर्गात ओरडायचा, "ए अमडापूर, तू सांग!" एकदा मी धीर करून म्हटलं, "सर, मला वैशाली म्हणा ना."

"वैशाल्या ह्या कॉलेजात पाच आहेत," सर म्हणाले. "अमडापूर एकच आहे. कोणतं मोठं, तूच सांग."

आता आमचं काम काय होतं ते सांगते. एक खास कॅमेरा असतो. तो समोरच्या वस्तूचा नुसता फोटो काढत नाही, प्रत्येक ठिपका किती लांब आहे तेही मोजतो. असे दोन-तीन कॅमेरे वेगवेगळ्या बाजूंनी लावले की माणूस ठिपक्यांचा बनून संगणकात उभा राहतो. त्याच्या भोवती फिरून त्याला मागून, बाजूने, खालून बघता येतं. पण एका क्षणाला लाखो ठिपके, आणि माणूस हलला की पुढच्या क्षणाला पुन्हा लाखो. एवढा माल खेड्यातल्या नेटवरून जात नाही.

हे सर आम्हाला कसं शिकवायचे? "खोली म्हणजे एक मोठा डबा समज. त्याचे आठ डबे कर. ज्या डब्यात काही नाही तो फेकून दे. ज्यात आहे त्याचे परत आठ कर. असं करत करत पाह्य, खोली किती रिकामी आहे ते. आपण उगा हवा पाठवून राह्यलो होतो." मग दुसरा धडा. मागच्या क्षणी जो डबा जसा होता तसाच आता असेल तर त्याचे ठिपके परत पाठवायचे नाहीत. नुसतं कळवायचं, 'तसाच'. सरांचं त्यावर एक वाक्य होतं, ते दिवसातून दहा वेळा ऐकू यायचं: "हललं तेवढंच पाठव."

आणि एखाद्याने फार दाबून चित्राचा चिखल केला की ते त्यांच्या वडिलांचं बोलायचे. "गठाण कोणीबी आवळून बांधते. सोडल्यावर कापूस फुगला पाह्यजे. नाही फुगला तर तू कापूस नाही पाठवला, लगदा पाठवला."

सरांनी धाडच्या गाळ्यात हे केंद्र उघडलं कशासाठी, तर सुभद्राबाईंसाठी. सुभद्राबाई बाजारात मिरच्या-कोथिंबीर विकायच्या. त्यांना लकवा झाला आणि उजवा पाय ओढत चालायची वेळ आली. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टर मॅडम पुण्यात. चालणं बघायचं दहा मिनिटं आणि त्यासाठी येऊन-जाऊन दोन दिवस एसटीत. साधा व्हिडिओ कॉल करून बघितला होता, पण त्यात एकच बाजू दिसते. "समोरून पाह्यलं तर बाई चांगली चालते," सर म्हणायचे. "तिचा पाय बाजूनं घासते. डॉक्टरले तिच्याभोवती फिरता आलं पाह्यजे."

एका मोठ्या संस्थेने सरांच्या प्रयोगाला कॅमेरे दिले होते. तिथले साहेब पुण्याचे. त्यांचं म्हणणं सरळ होतं: हे काम पुण्यात करा, तिथे प्रयोगशाळा आहे, जाड लाईन आहे. धाडच्या गाळ्यात काय ठेवलंय? सरांनी ऐकलं नाही. शेवटी साहेबांनी सांगितलं, मी येतो, एकदा दाखवा. धाडहून पुण्यात चाल नीट पोचली तर केंद्र तिथेच राहील. नाही पोचली तर कॅमेरे परत.

त्याआधी पुण्यात एक चर्चासत्र झालं होतं, तिथे सरांनी हेच काम मांडलं. मी सोबत होते. सर प्रमाण भाषेत सुरुवात करायचे आणि तिसऱ्या वाक्याला वऱ्हाडीत उतरायचे. मागच्या रांगेत दोघं-तिघं हसत होते. त्यातला एक उठून म्हणाला, "सर, दोन वर्षांत सगळीकडे चांगलं नेटवर्क येईलच. मग एवढं दाबायची मेहनत कशाला?"

सर म्हणाले, "तुम्ही लिफ्टसाठी थांबता, कारण लिफ्ट येते. आम्ही जिना बांधून राह्यलो."

हसणं थांबलं. परतताना गाडीत मी खूश होऊन ते वाक्य पुन्हा म्हटलं, तर सर माझ्यावरच चिडले. "वाक्यानं काय होते? उद्या जिना पडला तर हेच वाक्य माह्या तोंडावर मारतील."

आता साहेबांना दिवस द्यायचा होता. सरांनी बाजाराचा दिवस दिला. मी आणि धनंजय हादरलोच. त्या दिवशी आजूबाजूच्या गावांतून हजारो माणसं येतात, प्रत्येकाच्या हातात फोन, नेट मेल्यासारखं होतं.

"सर, निदान बाजाराच्या दुसऱ्या दिवशी ठेवा ना," धनंजय म्हणाला. "तवा बाजार नसते. झकास जाते."

"वडनेर, त्या दिवशी पेशंट कसा येईल?"

"म्हंजे?"

"जीप कधी भरते? बाजाराच्या दिवशी. लंगडी बाई, म्हातारा माणूस गावातून कधी निघते? बाजाराच्या दिवशी. मंग माह्यं यंत्र मोकळ्या दिवशी चालून काय करू बे? त्याची आरती करू?"

आम्ही तयारीला लागलो. रोज कोणीतरी गाळ्यात चालायचं आणि चित्र कॉलेजात पोचतं का ते बघायचं. सुभद्राबाईंना मात्र सर बोलवू देत नव्हते. "आजारी बाईले आपल्या चाचणीसाठी दहादा चालवायचं नाही. तिनं एकदाच यायचं, कामाचं." मग लंगडायचं कोणी? मी. मी पाय ओढायचं सोंग करायचे, धनंजय त्याहून मोठं सोंग करायचा, जीन्स घालून. आमच्या दोघांचेही पाय कॉलेजापर्यंत व्यवस्थित लंगडत जायचे.

तो दिवस आला. बाहेर बाजार फुललेला, भोंग्यावर कोणी तरी चादरी विकत होतं. साहेब पांढऱ्या गाडीतून उतरले आणि शटरखालून वाकले. पडद्यावर डॉक्टर मॅडम पुण्याहून बोलत होत्या. सुभद्राबाई नऊवारी लुगडं नेसून, नवी चप्पल घालून आल्या होत्या.

"चप्पल काढा काकू," मी म्हटलं.

"काऊन? आत्ताच घेतली."

"पाय दिसला पाहिजे."

"मंग आधी सांगायचं व्हतं न पोरी, जुनीच घातली असती."

त्या चालल्या. या टोकापासून त्या टोकाला, आणि परत. आमच्या पडद्यावर आकडे बघून मी खूश, सगळं वेळेत जात होतं. तेवढ्यात डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "मला उजवा पाय दिसत नाहीये. म्हणजे दिसतो, पण जागच्या जागी अडकतो आणि मग एकदम उडी मारतो."

"उडी?" सुभद्राबाई थांबल्या. "मी अन् उडी? बाई, उडी मारता आली असती तर इथं कायले आली असती!"

कोणी हसलं नाही. पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. साहेबांनी घड्याळ बघितलं. ते वाईट माणूस नव्हते, मदत करायलाच निघाले होते. म्हणाले, "मन्सुरी, बघा, बाजारामुळे नेट नाही. आणि यांचं लुगडं सारखं हलतंय, सगळी जागा तेच खातंय. यांना एक ट्रॅक पॅन्ट द्या, दुसऱ्या दिवशी करा, मी रिपोर्टमध्ये सांभाळून घेतो."

"मी पॅन्ट घालू?" सुभद्राबाईंनी पदर खोचला. "मंग आमचे हे लुगडं नेसतील का?"

सर खाली बसले. बसले काय, पालथेच झाले, हनुवटी फरशीला टेकवून. "मावशी, एकदा चाला. कॅमेऱ्यासाठी नाही. माह्यासाठी."

त्या चालल्या. सर फरशीवरून त्यांच्या पायाकडे बघत होते. पांढऱ्या शर्टाला धूळ लागली. मला आठवतं, मी साहेबांकडे बघायचं टाळत होते.

सर उठले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "हललं," ते म्हणाले. "अर्ध्या बोटाएवढं हललं. अन् आपण पुण्याले कळवलं, तसाच आहे."

मला एकदम लख्ख कळलं. आमच्या सोंगाचा पाय हातभर हलायचा. बाईंचा खरा अधू पाय फरशीला चिकटून इंच-इंच सरकत होता. आमचा नियम म्हणत होता, एवढंसं हललं म्हणजे हललंच नाही. पदर आणि ओचा जोरात हलत होते, म्हणून सगळा मान त्यांना मिळत होता. जे बघायला डॉक्टर बसली होती तेच आम्ही पाठवत नव्हतो. आणि तो नियम सरांचा होता, दिवसातून दहा वेळा सांगितलेला.

सर साहेबांकडे वळले. मी त्यांना इतक्या सावकाश बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "साहेब, चूक माझी आहे. नेटवर्कची नाही, लुगड्याची नाही, ह्या मावशीची तर नाहीच नाही. रिपोर्टात सांभाळून घेऊ नका. माझं नाव लिहा. पण जेवून घ्या अन् चार वाजता परत पाहा."

"चारला तर बाजार सगळ्यात जास्त भरतो."

"हाव."

साहेब नाहीच म्हणणार होते. पण पडद्यावरून डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "मी चारला परत येते. मला तो पाय बघायचाच आहे." मग साहेबही बसले.

पुढचे तीन तास सरांनी आम्हाला शिव्या घातल्या नाहीत, यावरूनच मला कळलं की ते घाबरलेले आहेत. त्यांनी सुभद्राबाईंच्या पायाशेजारी जमिनीवर हात उभा धरला आणि बोटं ताणली. "वीतभर. फरशीपासून वर एक वीत. लुगड्याचा काठ त्याच्या वर आहे. ह्या एका वितेत 'तसाच' हा शब्द वापरायचा नाही. दर वेळी नवा पाय पाठवायचा, बारीकातला बारीक."

"अन् मग वरचं?" धनंजयने विचारलं. "जागा कुठून आणायची? एवढ्या नेटमध्ये बसणार नाही सर."

"लुगडं जाड करून टाक. डबे मोठे कर."

"चेहरा?"

सुभद्राबाई खुर्चीवर बसून भाकरी खात होत्या. सरांनी त्यांनाच विचारलं, "मावशी, तुमचा चेहरा धूसर दिसला तर चालते का?"

"माह्या चेहऱ्यात आता काय ठेवलं बाप्पा," त्या म्हणाल्या. "पाय धाडा."

मी तो बदल प्रोग्राममध्ये लिहिला. हो, ते मी लिहिलं, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही. दोनदा चुकलं, धनंजयने चूक पकडली. सर मागे उभे राहून तिन्ही फोन बघत होते. काड्या एकेक करून पडत होत्या.

चार वाजता सुभद्राबाई चालल्या. पुण्याच्या पडद्यावर जे पोचलं ते आम्हालाही मॅडमनी दाखवलं. लुगडं विटांनी बांधल्यासारखं ठोकळ्याठोकळ्याचं. चेहरा म्हणजे नुसता गव्हाळ गोळा. आणि त्याच्या खाली, फरशीवर, एक पाय. टाच, घोटा, पाचही बोटं. मॅडम त्या पायाभोवती फिरल्या, जमिनीइतक्या खाली आल्या आणि म्हणाल्या, "थांबा, थांबा. अंगठा लोंबतोय. बाई, तुमची टाच टेकण्याआधी अंगठा टेकतो. चप्पल निसटते का?"

"हाव ना!" सुभद्राबाई ओरडल्या. "त्याच्यानंच त नवी घेतली!"

"इथे आलात तेव्हा हे दिसलं नव्हतं मला."

"तिथं मी भेऊन नीट चालत होती, मॅडम. इथं आपलं घरच्यासारखं."

साहेब पडद्याजवळ वाकले. मग म्हणाले, "चित्र मात्र फार खराब आहे, मन्सुरी."

"लुगडं खराब आहे, साहेब," सर म्हणाले. "पाय चांगला आहे."

आम्हाला वाटलं, जिंकलो. धनंजयने बाजारातून जिलेबी आणली. महिनाभराने पत्र आलं. प्रयोग यशस्वी झाल्याचं त्यात लिहिलं होतं. सरांचं अभिनंदनही होतं. आणि शेवटच्या ओळीत होतं की एवढं चांगलं काम आता मोठ्या पातळीवर, पुण्यात करण्यात येईल, सबब धाड येथील केंद्र बंद करून कॅमेरे जमा करावेत. सरांनाही तिकडे येण्याचं निमंत्रण होतं.

मी रडले. हरलो असतो तर एवढी रडले नसते. सरांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली. मग त्यांनी कॅमेरे स्वतः पुसून खोक्यात भरले, यादीवर सही केली आणि गाडीवाल्याला चहा पाजून खोकी दिली. "त्यांच्या वस्तू त्यांना," ते म्हणाले. "पुण्याले मी जाऊन काय करू? तिथं लिफ्ट आहे."

"मग आता?"

"तू तुझ्या परीक्षेचं पाह्य."

त्यांनी डॉक्टर मॅडमना फोन केला तेव्हा मी तिथेच होते. फोन स्पीकरवर होता. मॅडम म्हणाल्या, "केंद्र बंद झालं हे मला कळलं. पण बाजाराच्या दिवशी दुपारी मी मोकळी असते. पेशंट बघायला मला कोणाच्या पत्राची गरज नाही. तुम्ही दाखवणार का, एवढं सांगा." सर "हो" म्हणाले. कशाने दाखवणार, ते त्यांना तेव्हा माहीत नसावं.

मग मला ही नोकरी लागली. सामान घेऊन मी बुलढाण्याहून एसटीत बसले. गाडी धाडवरून जाते. नेमका बाजाराचा दिवस होता आणि गर्दीत गाडी बाजारओळीसमोर अडकली. मी खिडकीतून मान बाहेर काढली.

गाळ्याचं शटर पूर्ण वर होतं. बाहेर खुर्च्या मांडल्या होत्या, त्यावर चार बाया आणि काठी घेतलेला एक म्हातारा. पहिल्या खुर्चीवर सुभद्राबाई बसून सगळ्यांना ओरडत होत्या, "चपला काढून बसा! आधीच सांगून राह्यली!" आत बंद पडलेल्या व्हिडिओ गेमच्या दुकानातून आणलेले दोन जुने, तसेच अंतर मोजणारे कॅमेरे दोरीने स्टुलांना बांधलेले दिसत होते. म्हाताऱ्याचं नाव पुकारलं गेलं. तो उठला, आत गेला आणि भिंतीला धरून उभा राहिला.

मी "सर!" म्हणून हाक मारली. जीपवाले हॉर्न वाजवत होते, ऐकू जाणं शक्यच नव्हतं. रऊफ सर फरशीवर पालथे पडले होते, हनुवटी जमिनीला, आणि एक हात वर केलेला. गाडीने हिसका दिला. सरांनी हात खाली आणला, आणि म्हाताऱ्याने पाय उचलला.